लेस्वोस (ग्रीस) : नवऱ्याला पक्षी, सासूबाईंना देवळं, लेकीला समुद्र. जमेल का?

केतकी_म

नमस्कार मंडळी,

२०२७ च्या एप्रिलअखेरीस ग्रीसला जायचं घाटतंय. माझ्या डोक्यात सँतोरिनी होतं, पांढरी घरं, निळे घुमट वगैरे. नवऱ्याने मध्येच लेस्वोस नावाचं बेट काढलं. तो पक्षीवेडा आहे. दर हिवाळ्यात भिगवणला भल्या पहाटे सगळ्या घरादाराला होडीत बसवतो, त्यावरून अंदाज घ्या.

आम्ही चौघं. तो, मी, दहावीची परीक्षा उरकलेली मुलगी आणि सासूबाई. सासूबाई अडुसष्टच्या, चालायला ठणठणीत, पण गुडघ्यांमुळे खूप पायऱ्या नकोत. शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. मुलीला समुद्र आणि फोटो. मला कुणीतरी आयतं जेवण वाढावं, बस.

प्रश्न असे: (१) पक्षी सोडून तिथे बघण्यासारखं काय? (२) राहायचं कुठे? (३) खाण्याचे हाल होतील का? (४) आणि मुख्य म्हणजे, फ्लेमिंगो बघायला ग्रीसला जाणं हा शुद्ध वेडेपणा आहे, हे नवऱ्याला कसं समजावू?

खडीसाखर

चौथ्या प्रश्नाला बिनशर्त पाठिंबा. :)

लेस्वोस फक्त बातम्यांत ऐकलंय, निर्वासितांच्या होड्यांमुळे. सुट्टीला जातात तिथे लोक?

पाणकावळा

जातात, आणि वसंतात जे जातात त्यातल्या निम्म्यांच्या गळ्यात दुर्बीण असते. मी लीड्सला राहतो. इकडच्या पक्षीनिरीक्षकांसाठी हे बेट म्हणजे वारी आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी नकाशा बघा. लेस्वोस ग्रीसचं असलं तरी तुर्कस्तानला चिकटून आहे. उत्तरेकडची सामुद्रधुनी जेमतेम दहा किलोमीटरची, तिथल्या मोलिवोस गावाच्या किल्ल्यावरून पलीकडचे डोंगर स्पष्ट दिसतात. आफ्रिकेतून उत्तरेला निघालेले पक्षी समुद्र ओलांडताना इथे दम खायला उतरतात. त्यात भर म्हणजे मूळचे आशिया मायनरचे काही पक्षी युरोपात पाय टेकतात ते इथेच. म्हणून स्वीडनपासून स्पेनपर्यंतचे लोक इथे येतात.

कालोनीचं आखात बेटाच्या पोटात खोल घुसलंय. त्याच्या टोकाला मिठागरं आहेत. फ्लेमिंगो तिथेच असतात, पण केतकीताई, फ्लेमिंगोंसाठी कुणी लेस्वोसला जात नाही, तुमचे यजमानही जाणार नाहीत. ते जाणार क्रूपर्स नटहॅचसाठी. हा चिमणीपेक्षाही लहान पक्षी, छातीवर विटकरी ठिपका. जगातले बहुतेक तुर्कस्तानात, थोडे कॉकेशसकडे, आणि ग्रीसमध्ये फक्त या बेटावरच्या पाइनच्या जंगलात. अखलादेरीच्या आसपासचं जंगल त्यासाठी प्रसिद्ध. गाडीतून उतरून शंभर पावलं चाललं की झालं, सासूबाई सावलीत बसू शकतील.

दुसरा रुपेल्स वॉर्बलर. काळा गळा, पांढरी मिशी, लाल डोळा. पेत्राहून मोलिवोसला जाताना रस्ता समुद्राच्या कडेने वळतो, तिथल्या काटेरी झुडपांवर येऊन गातो. तिसरा सिनेरियस बंटिंग, हा पश्चिमेला इप्सिलूच्या मठाभोवतीच्या उघड्या खडकाळ डोंगरावर. रंगाने इतका फिका की सामान्य माणूस 'यासाठी आलो?' असं विचारेल. तिथेच रॉक नटहॅचचं घरटं बघा. खडकाच्या कपारीला मातीने लिंपलेलं, पुढे नळीसारखं तोंड काढलेलं. मुलीला फोटोसाठी यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही, पक्षी आवडत नसले तरी.

तारखांबाबत माझं मत: १२ ते २२ एप्रिल. क्रूपर्स तेव्हा घरट्यांवर असतो, पश्चिमेकडचे डोंगर हिरवे असतात, रानटी ऑर्किड्स फुललेली असतात. मेमध्ये सगळं पिवळं पडायला लागतं.

वाटसरू_७७

वाखूसा (वाचनखूण साठवली).

गोदाकाठ

पाणकावळा, माहिती झकास. तारखांशी मात्र असहमत.

मी परभणीकडचा. आमच्याकडे रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की भारीटांचे थवे उतरतात. काळ्या डोक्याचा भारीट. शेतकऱ्याला त्याचं कौतुक नाही, भोरड्यांबरोबर त्यालाही गोफण बसते. हिवाळ्यात तो दिसतो तसा मळकट, नराचं डोकंही धड काळं नसतं. मार्चमध्ये पिसांच्या कडा झिजायला लागतात, डोकं काळं आणि पोट हळदीसारखं पिवळं होऊ लागतं, आणि नेमका देखणा झाला की निघून जातो.

जातो कुठे? तर इटली-ग्रीसपासून तुर्कस्तान, इराणपर्यंत. युरोपातले बहुतेक प्रवासी पक्षी हिवाळ्यात दक्षिणेला आफ्रिकेत जातात, हा पठ्ठ्या पूर्वेला आपल्याकडे येतो. या जातीचे जवळपास सगळेच पक्षी हिवाळा भारतात काढतात, थोडे पाकिस्तानात. म्हणजे लेस्वोसच्या तारेवर बसून गाणारा नर चार महिन्यांपूर्वी पाचेक हजार किलोमीटरवर कुणाच्या तरी ज्वारीत होता, हे जवळजवळ नक्की. मराठी माणसाने तिथे जाऊन क्रूपर्स बघावा, पण याचं गाणं ऐकल्याशिवाय परत येऊ नये. आपल्याकडे तो खातो आणि चिवचिवतो, गात नाही.

आणि तो तिथे पोचतो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. १२ ते २२ गेलात तर तो अजून वाटेत असणार.

पाणकावळा

मुद्दा मान्य. आम्हा इकडच्यांना तो 'मेच्या सुरुवातीला सगळीकडे असतो' एवढाच माहीत. वेडे राघूही एप्रिलअखेरच थव्यांनी येतात, आणि लाल पायांचे ससाणे वरून जातात तेही साधारण तेव्हाच. क्रूपर्स २५ एप्रिलनंतरही मिळतो, जरा वेळ द्यावा लागतो इतकंच.

केतकी_म

गोदाकाठ, नवऱ्याला हा प्रतिसाद वाचून दाखवला. तो आता तारखांवर अडून बसलाय. धन्यवाद (उपरोधाने).

पण पक्षी बाजूला ठेवून कुणीतरी सांगा ना, बाकी काय आहे?

धोंडोपंत

सांगतो. बाकी पुष्कळ आहे, पण सँतोरिनीसारखं ताटात वाढून ठेवलेलं नाही. बेट मोठं आहे, सुमारे १६३० चौरस किलोमीटर, क्रीट आणि एव्हिया सोडले तर ग्रीसमधलं सर्वांत मोठं.

पहिलं: पश्चिमेला सिग्रीचं जीवाश्म-जंगल. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेत झाडं उभीच्या उभी गाडली गेली, पाण्यातल्या सिलिकाने लाकडाची जागा घेतली. दगड झाला, पण वर्षवलयं तशीच. रेडवुडच्या कुळातले प्रचंड बुंधे आहेत, मुळांसकट. १९८५ मध्ये त्याला संरक्षित नैसर्गिक स्मारक केलं, आता सगळं बेटच युनेस्कोचं जिओपार्क आहे. गंमत म्हणजे कालोनी-सिग्री रस्त्याचं काम चालू असताना २०२१ मध्ये फांद्या-मुळांसकट जवळपास वीस मीटरचं आडवं झाड सापडलं. सासूबाईंना उघड्यावरच्या उद्यानात नेऊ नका, सावलीच्या नावाने शंख आहे आणि चढउतार खूप. सिग्री गावातलं संग्रहालय गाठा, तिथे आवारातच बुंधे बघता येतात.

दुसरं: ॲरिस्टॉटल. इ.स.पू. ३४५ च्या सुमारास तो या बेटावर येऊन राहिला. त्याचा मित्र थिओफ्रास्टस इथल्याच एरेसोसचा. तुमचे यजमान ज्या आखाताच्या काठी दुर्बीण लावून बसणार, त्याच आखातातले मासे, माकूळ आणि समुद्री साळिंदर चिरून बघत ॲरिस्टॉटल बसला होता. प्राणिशास्त्राची सुरुवात कुठे झाली असं विचारलं तर या चिखलाकडे बोट दाखवायला हरकत नाही. तिथे त्याचा मोठा थाट नाही, हे मला फार आवडलं. अथेन्समध्ये असतं तर तिकीट लावलं असतं.

प्राचीन कवयित्री सॅफोही इथलीच, पण तिच्यावर लिहायला बसलो तर धागा हायजॅक होईल.

सिरोंचाकर

दगड झालेली झाडं बघायला आमच्या गडचिरोलीला या की! सिरोंच्याजवळ वडदमला आहेत, डायनासोरची हाडंही सापडली आहेत. व्हिसा लागत नाही. रस्ता मात्र ग्रीसपेक्षा खडतर.

खडीसाखर

@सिरोंचाकर, वेगळा धागा काढा, खरंच वाचायला आवडेल.

स्टुटगार्टची_मावशी

केतकी, तुझ्या सासूबाईंच्या वयाच्या आईला घेऊन गेले होते, म्हणून लिहिते.

मोलिवोस सुंदर आहे, किल्ल्याखाली उतरत गेलेली दगडी घरं, पण सगळ्या गल्ल्या गुळगुळीत गोट्यांच्या आणि चढाच्या. किल्ल्यापर्यंत गाडीने जा, वरून बघा, मग गाडीनेच खाली बंदरावर या. मधलं गाव तू आणि लेक हिंडा. पेत्राला खडकाच्या टोकावर मेरीचं चर्च आहे, ११४ पायऱ्या. आई म्हणाली, "खालूनच नमस्कार पोचतो." आम्ही खाली कॉफी प्यायलो.

तिला सगळ्यांत आवडलं आयासोस. डोंगराच्या पोटातलं गाव, चेस्टनटची झाडं, लाकूडकाम आणि मातीची भांडी, मधोमध मोठं चर्च. तिथल्या आज्यांनी तिला बाकावर सरकून जागा दिली आणि दोन्हीकडून आपापल्या भाषेत अर्धा तास गप्पा झाल्या. कसल्या ते विचारू नकोस.

पोलिख्नितोसला गरम पाण्याचे झरे आहेत, युरोपातल्या सर्वांत कढत झऱ्यांपैकी. निवलेलं पाणी कुंडात घेतात. गुडघेदुखीवाल्यांनी जरूर जावं. समुद्र एप्रिलमध्ये थंडगार असतो, लेकीला आधीच सांगून ठेव, पाय बुडवून फोटो काढण्यापुरता.

राहायला स्काला कालोनी. मधोमध आहे, सपाट आहे, मिठागरं बाजूला, आणि पहाटे नवरा गेला तरी तुम्ही झोपू शकता. मोलिवोस दिसायला जास्त छान, पण रोज गाडीत तास जातात.

केतकी_म

मावशी, हेच हवं होतं! खाण्याचं?

स्टुटगार्टची_मावशी

कालोनीची सार्डिन आणि प्लोमारीचा ऊझो यासाठी बेट प्रसिद्ध, ते तुमच्या कामाचं नाही. (सासूबाई लवकर झोपत असतील तर दुसरं आहे.) शाकाहाऱ्यांना मात्र उपाशी राहावं लागत नाही. गिगांतेस म्हणजे टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल, होर्ता म्हणजे लिंबू-तेल घातलेली रानभाजी, भात भरलेले टोमॅटो-मिरच्या, वांगी-बटाट्याचं ब्रियाम, कोबी-गाजराची कोशिंबीर. इथलं लादोतिरी म्हणजे ऑलिव्हच्या तेलात मुरवलेलं चीज, पण त्यात प्राण्यांचं रेनेट (वासरा-कोकराच्या पोटातून काढलेलं, दूध साकळवणारं विरजण) असू शकतं. सासूबाई त्याबाबत काटेकोर असतील तर नको.

धोंडोपंत

थांबा थांबा. २०२७ ला ऑर्थोडॉक्स ईस्टर कधी आहे बघितलं का कुणी? २ मे. म्हणजे २६ एप्रिलपासून त्यांचा पवित्र आठवडा. भारीट आणि येशू एकाच वेळी येताहेत.

याचे फायदे-तोटे दोन्ही. फायदा असा की ईस्टरआधी त्यांचा मोठा उपवास असतो, मांस-दूध-अंडी बंद. त्या दिवसांत हॉटेलात 'निस्तीसिमो' म्हणून सांगितलं की उपवासाचं मिळतं. पण सावध, त्यात ऑक्टोपस, माकूळ, शिंपले चालतात. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण त्यांनाही लागू आहे. तेव्हा 'निस्तीसिमो' म्हणून पुढे 'समुद्रातलंही काही नको' असं स्पष्ट सांगा.

तोटा: त्या आठवड्यात अर्धं अथेन्स आपापल्या बेटांवर परततं. विमानं, अथेन्सच्या पिरेयस बंदराहून सुटणारी रात्रीची बोट, सगळं भरलेलं. गुड फ्रायडेला निदान दुपारपर्यंत आणि ईस्टर सोमवारी दिवसभर दुकानं बंद. शनिवारी मध्यरात्रीनंतर कोकराच्या आतड्यांचं सूप आणि रविवारी अंगणाअंगणांत अख्खं कोकरू सळईवर. सासूबाईंना त्या दिवशी घराबाहेर काढू नका.

केतकी_म

अरे देवा. मग ईस्टरच्या आधीच परतावं का?

गोदाकाठ

२९ ला निघालात तर भारीट दिसेल न दिसेल, सांगता येत नाही. वारा दक्षिणेचा असेल तर लवकर, उत्तरेचा असेल तर चार दिवस उशीर.

स्टुटगार्टची_मावशी

मी म्हणते ईस्टर तिथेच करा. गुड फ्रायडेला संध्याकाळी फुलांनी सजवलेली येशूची तिरडी गावातून मिरवतात, मागे मेणबत्त्या घेऊन सगळं गाव. पालखी बघितलेल्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही. मध्यरात्री चर्चबाहेर ज्योतीने ज्योत लावतात. रविवारी सकाळी सामान भरून जंगलात जा, सगळे ग्रीक घरी कोकरू फिरवत असतात, रस्ते तुमचेच.

मनमौजी_राव

फोटोग्राफीबद्दल विचारतो. ब्लूटूथ स्पीकरवर कॉल लावला की रुपेल्स लगेच बाहेर येतो असं एकाने सांगितलं. खरं का?

पाणकावळा

येतो. आणि दिवसात दहा जण लावतात तेव्हा दहा वेळा अंडी सोडून भांडायला येतो. इथे प्रत्येक जागा प्रसिद्ध आहे, त्यामुळे 'मी एकट्यानेच तर लावला' हे गणित चालत नाही. कृपया लावू नका. तो न बोलावताही झुडपाच्या शेंड्यावर येऊन गातो, कॉफीचा थर्मास घेऊन बसा.

तेच क्रूपर्सच्या घरट्याचं. वठलेल्या पाइनच्या बुंध्यात भोक करतो, ते एकदा कुणाला कळलं की त्याभोवती लेन्सांची जत्रा. वीस-पंचवीस मीटर लांब राहा, पिल्लांना भरवणारा पक्षी भोवती घिरट्या घालत असेल तर निघा. कालोनीजवळच्या निलगिरींवर स्कॉप्स घुबडं दिवसा डोळे मिटून बसलेली असतात, तिथे फांद्या हलवणारे महाभागही मी पाहिलेत. मिठागरांच्या आत शिरायचं नाही, कडेच्या कच्च्या रस्त्यावरून आणि लपणातून भरपूर दिसतं. गाडीतच बसलात तर शेकाटे अगदी जवळ येतात. चक्रवाकाच्या जोड्याही दिसतील. (उजनी-जायकवाडीला येणारे चक्रवाक मात्र लडाख-तिबेटकडचे, ते हे नव्हेत.)

आणखी एक महत्त्वाचं. बेट सीमेवरचं आहे, लष्कराची ठाणी ठिकठिकाणी. कॅमेऱ्यावर काट मारलेली पाटी दिसली की टेलिस्कोप काढू नका, पक्षी कितीही दुर्मिळ असो.

खडीसाखर

माझ्या आधीच्या प्रश्नाचं कुणीच उत्तर दिलं नाही. निर्वासितांचं काय? सुरक्षित आहे का?

धोंडोपंत

सुरक्षित आहे. २०१५ मध्ये लाखो लोक या किनाऱ्यावर उतरले, सिरिया, अफगाणिस्तानातून. मोरियाची छावणी सप्टेंबर २०२० मध्ये जळाली. आता मितिलिनी या बेटाच्या मुख्य शहराजवळ दुसरी आहे. सुट्टीवर गेलेल्याला रोजच्या फिरण्यात ती दिसतही नाही. पण 'सुरक्षित का' हा प्रश्न त्या लोकांच्या बाजूनेही विचारला जावा असं वाटतं, त्या दहा किलोमीटरच्या पाण्यात माणसं बुडाली आहेत. बेटावरच्या बऱ्याच घरांचे आजी-आजोबा १९२२ मध्ये तुर्कस्तानातून असेच होडीतून आले होते. सुरुवातीला स्काला सिकामियाच्या कोळ्यांनी आणि म्हाताऱ्यांनी लोकांना पाण्यातून ओढून काढलं ते यामुळेही असेल. नंतर गर्दी वाढली तसा लोकांचा धीरही सुटला, तेही खरं. त्या गावात बंदरावर छोटं चर्च आणि झाडाखाली हॉटेल आहे, तिथे जेवा. पर्यटक कमी झाल्याचा मार त्यांनी पुरेसा खाल्लाय.

खडीसाखर

धन्यवाद. प्रश्न तसा विचारायला हवा होता, खरं आहे.

वाटसरू_७७

गाडी चालवण्याबद्दल थोडं. भारतीय परवान्याबरोबर आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिट लागतंच. रस्त्याची उजवी बाजू. भाड्याच्या गाडीचा विमा घेताना टायर आणि गाडीचा खालचा भाग त्यात धरलाय का, ते लेखी विचारा. पक्ष्यांच्या सगळ्या चांगल्या जागा कच्च्या रस्त्यांवर असतात आणि आमच्याकडून एका कंपनीने त्याचे वेगळे पैसे उकळले. शेंगेन व्हिसाची फी प्रौढांना ९० युरो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. ईस्टरची तिकिटं घ्यायची असतील तर तितक्या आधीच लागा.

केतकी_म

तर मंडळी, घरची बैठक झाली. २३ एप्रिलला पोचायचं, ४ मेला निघायचं, अथेन्स-मितिलिनी विमानाने, मुक्काम स्काला कालोनी. नवऱ्याने पश्चिमेचे दोन दिवस स्वतःसाठी मागून घेतलेत, त्यातला एक सिग्रीच्या संग्रहालयाला जोडून आम्ही सगळे. सँतोरिनी रद्द.

सासूबाईंना मिरवणुकीचं सांगितलं तर म्हणाल्या, "मग तेव्हाच जाऊ." मुलीने लेस्वोसच्या खारी शोधून काढल्यात, ग्रीसमध्ये ही जात फक्त याच बेटावर असते म्हणे. ती आता त्यांच्या मागे लागणार.

शेवटचं: सासूबाईंनाही एक दुर्बीण घ्यावी म्हणतोय. नवरा म्हणतो १० बाय ४२ (१० पट मोठं दाखवणारी, ४२ मिमीच्या भिंगाची).

पाणकावळा

खार बरोबर, पर्शियन खार. ऑलिव्ह आणि ओकच्या बागांत सकाळी बघा, लाजरी आहे. वाटेत पाय नसलेला जाडजूड पिवळट सरडा आडवा गेला तर साप समजून किंचाळू नका, निरुपद्रवी असतो.

दुर्बीण ८ बाय ४२ किंवा ८ बाय ३२. १० पटीची नको, हात जरा हलला की चित्र नाचतं. चष्मा असेल तर डोळ्याशी अंतर किती मिळतं ते दुकानात लावून बघा.

गोदाकाठ

८ बाय ३२. आणि जायच्या आधी जानेवारीत हुरड्याला या सगळे. सासूबाईंचा हात दुर्बिणीवर बसेल, आणि भारीट इथेच ओळखीचा होईल.